नट असा फिरवावा

उस्तादांना वर्कशॉपमधून उचलून टपाल-शिक्षण शाखेच्या खुर्चीत बसवलं त्याला तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांचं त्या खुर्चीशी एक दिवसही पटलं नव्हतं. लष्करात शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात. त्यांनी सव्वीस वर्षं जवानांना इंजिनं शिकवली होती. मग एके दिवशी जॅक सरकला, गाडीचा ॲक्सल उजव्या गुडघ्यावर आला, आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं की यापुढे उभ्याने काम बंद. बसून करण्यासारखं काम कोणतं, तर दूरदूरच्या ठाण्यांवरून जवान टपालाने उत्तरपत्रिका पाठवतात त्या तांबड्या पेन्सिलीने तपासायच्या. ज्या माणसाने हजारेक पोरांच्या हातात पाना दिला, त्याच्या हातात आता पेन्सिल आली होती, आणि तिचं टोकसुद्धा त्यांना धड काढता येत नव्हतं.

पत्राने इंजिन शिकता येतं यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. टपालाने दाढी होते का, असं ते भेटेल त्याला विचारायचे. उत्तराची वाट न बघता पुढे सांगायचे, की आधी दाढी करून दाखवा, मग इंजिन खोला.

त्यांची स्वतःची शिकवण्याची रीत अगदी साधी होती. जवानाचा हात पान्यावर ठेवायचा, त्या हातावर आपला हात ठेवायचा, दाबायचं आणि म्हणायचं, "असं." झाला धडा. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला डावीकडे म्हटलं नाही की उजवीकडे म्हटलं नाही. नटाचे आटे सुलटे असोत नाहीतर उलटे, हातावर हात ठेवून "असं" म्हटलं की काम भागायचं, आणि ते "असं" त्या पोराच्या मनगटात जन्मभर राहायचं.

या शाखेच्या प्रमुख म्हणजे मॅडम. कॅप्टन होत्या, वयाने उस्तादांच्या मुलीएवढ्या, चष्मा लावायच्या आणि प्रत्येक वाक्य दोनदा वाचल्याशिवाय सही करायच्या नाहीत. त्यांनीच उस्तादांना बारा धड्यांचं पुस्तक लिहायला बसवलं. लिहिताना दोघांची रोज खडाजंगी व्हायची. पहिल्या धड्यात उस्तादांनी एक वाक्य घातलं होतं: 'जोर लावण्याआधी हाताने विचारावे, नट ऐकत नसेल तर थांबावे.' मॅडमचं म्हणणं असं, की यात माहिती काहीच नाही, नट कसा ऐकेल, वाक्य काढून टाकू. उस्ताद हटून बसले. वाक्य गेलं तर मी पण गेलो, असं म्हणून खरंच दारापर्यंत गेले. मॅडमनी हात टेकले आणि वाक्य राहिलं.

नवव्या धड्यात उलट झालं. तिथे इंजिनाच्या पंख्याचा नट काढायचा होता, आणि उस्तादांनी लिहिलं होतं, 'मग नट असा फिरवावा.' मॅडमनी विचारलं, असा म्हणजे कसा? उस्ताद म्हणाले, शेजारी चित्र येईल ना, त्यात दिसेल. चित्र काढायला नकाशे काढणारा माणूस दिला होता. त्याने फार देखणं चित्र काढलं, ते छापून आलं, उस्तादांनी त्यावर नजर टाकली, 'तपासले' असं लिहून सही ठोकली, आणि मॅडमनी खाली दुसरी सही केली.

आता गेल्या महिन्यात मुख्यालयाकडून एक कागद आला होता. जवानांना टपालाने शिकवण्याचा काही उपयोग होतो का, की त्यांना वर्कशॉपमध्ये हाताखाली घेऊनच शिकवलं पाहिजे, यावर अनुभवी शिक्षकांनी आपलं मत कळवावं. तीन वर्षं उस्ताद याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी लिहायला घेतलं ते तीन आठवडे लिहीतच राहिले. अर्ध्या पानाची जागा दिली होती, त्यांची सात पानं झाली. तेवढ्या दिवसांत आलेल्या उत्तरपत्रिका टेबलाच्या कोपऱ्यात साठत गेल्या, आणि त्या उडू नयेत म्हणून उस्तादांनी त्यांच्यावर आपला जुना बत्तीस नंबरचा पाना ठेवून दिला.

त्या दिवशी सकाळी घरून निघताना त्यांनी ती सात पानं बायकोला वाचून दाखवली. ती उभ्याउभ्याच डबा भरत होती. ऐकून म्हणाली, "तुम्ही पत्राला एवढी नावं ठेवता, पण मी स्वयंपाक कशावरून शिकले? तुमच्या आईंच्या पत्रांवरून."

लग्न झाल्या झाल्या दोघं दूरच्या छावणीत गेले होते, आणि तिला तेव्हा चहासुद्धा येत नव्हता, हे खरं होतं. उस्तादांनी लगेच संधी साधली. पहिला महिना आपण काय खारट खाल्लं ते विसरलीस का, असं त्यांनी विचारलं.

"खारट खाल्लं, कारण आईंनी लिहिलं होतं, मीठ चवीपुरतं. चवीपुरतं म्हणजे किती, ते त्यांना ठाऊक. मला कुठे ठाऊक होतं?"

म्हणजे माझंच म्हणणं खरं, असं म्हणून उस्तादांनी पानं घडी करून खिशात घातली आणि काठी टेकत मोठ्या खुशीत कचेरीत गेले.

कचेरी म्हणजे परेडच्या मैदानामागच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भाऊसाहेब, म्हणजे कारकून, टपालावर शिक्के मारत बसायचे. उस्ताद आत शिरतात तोच मॅडम मैदान ओलांडून जवळजवळ पळतच आल्या. वायरलेसच्या खोलीतून येत होत्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता की परीक्षेचा निकालच लागला असावा.

बातमी अशी होती. खिंडीच्या वरच्या ठाण्यावर एकोणीस जवान होते. तीन आठवड्यांपूर्वी बर्फाने खिंड बंद झाली ती आता वसंतातच उघडणार होती, आणि आठवडाभर धुकं इतकं दाट होतं की हेलिकॉप्टरही जात नव्हतं. ठाण्याचा मेकॅनिक अपेंडिक्स दुखू लागल्यामुळे शेवटच्या ट्रकने खाली आला होता. आणि आज सकाळी जनरेटरच्या इंजिनातून पाणी गळायला लागलं. पंख्यामागच्या पाण्याच्या पंपाचं सील गेलं होतं. नवं सील ठाण्यावर होतं, पण ते बसवणार कोण? आठ वाजता वायरलेसवर निरोप आला: इंजिन बंद केलं आहे, आमचा स्वयंपाकी टपालाने कोर्स करतो, तो नवव्या धड्याप्रमाणे पंखा उतरवून सील बदलणार आहे. बॅटरी संपत आली आहे, सेट बंद ठेवतो, इंजिन चालू झालं की बोलू.

"रोल नंबर एकशे अठरा," मॅडम म्हणाल्या. "बघा उस्ताद, तुमचा धडा."

उस्तादांनी पहिल्यांदा कपाळालाच हात लावला. इंजिन खोलायला स्वयंपाकी बसलाय, असं ते पुटपुटले. त्या इंजिनावर ठाण्याची ऊब होती, वायरलेस होता, पाणी वर चढवणारा पंप होता. इंजिन गेलं तर एकोणीस माणसांना गुडघ्याएवढ्या बर्फातून दोन दिवस चालत खाली यावं लागणार होतं, आणि त्या वाटेने सगळे खाली पोचतीलच असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं. तरी पण, खोटं कशाला बोला, आत कुठेतरी त्यांना थोडं बरंही वाटलं. आपला धडा आहे, तो काही वाईट लिहिलेला नाही, असं मनाशी म्हणत ते खुर्चीत बसले आणि जिवाला जरा धीर यावा म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं.

नवव्या धड्यातली कामं ते एकेक करून मनात करू लागले. पाणी काढा. पट्टा सैल करून उतरवा. मग नट असा फिरवावा. इथे त्यांनी सवयीने उत्तरपत्रिकांवरचा पाना उचलला, हवेतच नटावर बसवला आणि फिरवला. हात उजवीकडे गेला. डोळे पुस्तकातल्या चित्रावर होते. चित्रातला बाण डावीकडे गेला होता.

त्यांनी पाना पुन्हा हवेत बसवला आणि पुन्हा फिरवला. हात पुन्हा उजवीकडेच गेला.

पंख्याच्या नटाला उलटे आटे असतात. इंजिनाचे बाकी सगळे नट डावीकडे फिरवून सुटतात, हा एकटा उजवीकडे सुटतो. नकाशेवाल्याला ते कसं माहीत असणार? त्याने जगातल्या सगळ्या नटांचा बाण काढला. आणि उस्तादांनी ते चित्र तपासताना चित्र बघितलंच नव्हतं, त्यांनी आपला हात बघितला होता. हाताला सगळं येत होतं, म्हणून डोळ्यांनी तसदीच घेतली नाही. त्या बाणाप्रमाणे जोर लावला तर नट सुटायच्या ऐवजी आवळत जाणार, आणखी जोर लावला तर नट ज्यावर बसतो तो दांडाच मोडणार, आणि नवा दांडा खिंडीच्या खाली होता.

उस्तादांनी घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी हिशोब केला. पाणी काढायला वीस मिनिटं, थंडीने बोटं वळत नाहीत म्हणून तीस. पट्ट्याला पंधरा. नवखा माणूस दर ओळीला पुस्तकात डोकावणार, म्हणून त्याच्या दुप्पट. म्हणजे तो या घटकेला नटापाशीच असणार, किंवा नट मागे टाकून गेला असणार.

ते काठी न घेताच उठले. बाहेर येऊन त्यांनी भाऊसाहेबांना विचारलं, एकशे अठराची नवव्या धड्याची उत्तरपत्रिका आली होती का. भाऊसाहेबांनी नोंदवहीत बोट फिरवलं. आली होती, शेवटच्या ट्रकच्या थैलीत, तीन आठवडे झाले.

"कुठे आहे मग?"

"तुमच्या पान्याखाली," भाऊसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, पण उस्तादांना तो बरोबर लागला.

गठ्ठ्यात ती खालून सहावी निघाली. कागदाला तेलाचे डाग होते आणि अक्षर गोल, मोठं, ओळीवर नीट बसवलेलं होतं. उस्तादांनी चौथ्या प्रश्नाचं उत्तर उभ्यानेच वाचलं.

'पंख्याचा नट पुस्तकातील बाणाप्रमाणे डावीकडे फिरवून काढावा. हे उत्तर मी पुस्तक बघून लिहिले आहे. पण माझी एक शंका आहे. आमच्या भटारखान्यात पीठ मळायचे मशीन आहे. त्याचा नट मी नोकरीच्या पहिल्या वर्षी डावीकडे जोर लावून मोडला होता आणि त्याबद्दल महिनाभर एकट्याने भांडी घासली होती. तेव्हा समजले की मशीन ज्या अंगाला फिरते त्याच अंगाला त्याचा नट सुटतो. चालताना आपोआप सुटू नये म्हणून तसे आटे पाडलेले असतात. आपला पंखाही उजवीकडे फिरतो. मग त्याचा नट डावीकडे कसा सुटेल? माझे चुकत असेल तर कान धरावा. कृपया खुलासा व्हावा. आपले उत्तर येईपर्यंत मी पुस्तकाप्रमाणेच धरून चालतो.'

शेवटचं वाक्य उस्तादांनी दोनदा वाचलं. पोराला बरोबर कळलं होतं. ज्याला आपण शिकवायचं त्यानेच आपली चूक पकडून, नम्रपणे, कान पुढे करून विचारलं होतं. आणि आपण त्याच्या कागदावर पाना ठेवून, टपालाने शिकणाऱ्यांना काही कळत नाही, यावर सात पानं लिहीत बसलो होतो. खिंड बंद असली तरी वायरलेसवरून दोन शब्दांत खुलासा गेला असता. सैनिकाला छापील कागद म्हणजे हुकूम. हुकुमाबद्दल शंका आली तर तो वर विचारतो, आणि वरून उत्तर आलं नाही तर हुकूम पाळतो. हेसुद्धा त्याला आपणच शिकवलेलं.

वायरलेसच्या खोलीत उस्ताद पोचले तेव्हा त्यांना धाप लागली होती. वायरलेस सांभाळणाऱ्या बाई दर दहा मिनिटांनी ठाण्याला हाक मारत होत्या, आणि तिकडून नुसती खरखर येत होती. सेट बंद होता, बंद सेटला हाका मारून काय होणार. उस्तादांनी पुस्तक आणि उत्तरपत्रिका मॅडमच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. चूक माझी आहे, काही आडपडदा न ठेवता ते म्हणाले. सही माझी आहे, आणि पत्रही मीच दाबून ठेवलं.

मॅडमचा सकाळचा चेहरा उतरून गेला. त्यांनी चित्र बघितलं, मग त्याखालच्या सह्या बघितल्या.

"दुसरी सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी उभ्या जन्मात पाना हातात धरलेला नाही. मी तुम्हाला 'असा म्हणजे कसा' एवढंच विचारलं, आणि तुम्ही चिडाल म्हणून पुन्हा विचारलं नाही."

अकरा वाजले. साडेअकरा वाजले. उस्तादांच्या डोळ्यांसमोरून तो दांडा हलेना. अशा वेळी माणूस हातावर हात धरून बसला तर त्याचं डोकं फिरतं, हे मॅडमना समजलं असावं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि म्हणाल्या की हे पुस्तक तीनशे जणांकडे गेलंय. त्या सगळ्यांना दुरुस्ती कळवायची आहे. चला, सांगा. नट कसा फिरवावा?

उस्तादांनी तोंड उघडलं, आणि "असा" याच्यापुढे त्यांना शब्दच सुचेना. पाना बरोबर आणला होता. त्यांनी सांगितलं, मॅडम, हात द्या. टेबलाच्या पायाला एक मोठा नट होता, त्यावर पाना बसवला, मॅडमचा हात पान्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि दाबलं. मॅडम म्हणाल्या, हं, आता कळलं. पण आता हे लिहायचं कसं? उजवीकडे म्हणावं तर कुणाच्या उजवीकडे, पंख्याकडे तोंड करणाऱ्याच्या की मागून हात घालणाऱ्याच्या? पान्याची मूठ वर असेल तर ती उजवीकडे जाते, खाली असेल तर डावीकडे जाते. चार वाक्यं खोडली, पाचवं वायरलेसच्या बाईंना वाचून दाखवलं, त्यांनी नेमकं उलटं करून दाखवलं. सहावंही खोडलं. सव्वीस वर्षं जे एका शब्दात भागलं होतं ते सांगायला तास गेला, तेव्हा कुठे कागदावर उतरलं: 'पंख्यासमोर तोंड करून उभे राहावे. घड्याळाचा काटा फिरतो त्या बाजूला नट फिरवावा. खात्री करण्यासाठी आठवावे: इंजिन चालू असताना पंखा ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला हा नट सुटतो.' शेवटचं वाक्य एकशे अठराचंच होतं. ते उस्तादांना स्वतःला कधी सुचलं नव्हतं, कारण तसं सुचायची त्यांच्या हाताला कधी गरजच पडली नव्हती.

दोन वाजायला वीस मिनिटं असताना सेट खरखरला. आधी कुणाला खरं वाटेना. मग त्या खरखरीतून एक आवाज आला, आणि त्याच्यामागे आणखी एक आवाज होता. धड धड धड धड, एकसारखा, कुठे न अडखळणारा. इंजिनाचा आवाज ओळखायला उस्तादांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचा जीव भांड्यात पडला.

ठाण्यावरून रीतसर निरोप आला: सील बसवलं, गळती बंद, सगळे एकोणीस जण ठीक, ओव्हर. वायरलेसच्या बाई डोळे पुसत होत्या आणि पुसत नसल्यासारखं दाखवत होत्या. मॅडमनी, एकशे अठराला बोलवा, असा निरोप दिला आणि माइक उस्तादांच्या हातात ठेवला.

पलीकडून जरा घाबरलेला आवाज आला. "जय हिंद" नाही की नमस्कार नाही, पोरगं थेट म्हणालं, "उस्ताद, मी पुस्तक मोडलं. ओव्हर."

उस्तादांनी विचारलं, नट कुठल्या बाजूला फिरवलास. पोरगं म्हणालं, "असं, उस्ताद." आणि मग त्याच्या लक्षात आलं की उस्तादांना त्याचा हात दिसत नाही. वायरलेसच्या खोलीत मॅडम खो खो हसत सुटल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा उस्तादही हसले.

मग त्याने नीट सांगितलं. शंका होती, पण खुलासा आला नव्हता, म्हणून हुकुमाप्रमाणे आधी बाणाच्या बाजूलाच पाना लावला. अगदी थोडा जोर लावला. नट आणखी घट्ट झाल्यासारखा वाटला. शेजारी उभे असलेले दोघे म्हणत होते, लाव जोर, गंजला असेल, जोर वाढायला पान्याच्या मुठीवर मोठा पाइप चढव. पाइप चढवलाही होता.

"मग?"

"मग पहिला धडा आठवला. जोर लावण्याआधी हाताने विचारावे, नट ऐकत नसेल तर थांबावे. मी थांबलो. पाइप काढला, उलट्या बाजूला फिरवून बघितलं, आणि तो मऊ पिठातून बोट निघावं तसा निघाला, उस्ताद. ओव्हर."

जे वाक्य मॅडम काढायला निघाल्या होत्या ते वर पोचलं होतं. कागदावरून, टपालाने, खिंड ओलांडून, ज्याला त्यांनी कधी डोळ्यांनी बघितलंही नव्हतं अशा माणसाच्या मनगटात जाऊन बसलं होतं. मॅडम चष्मा पुसत होत्या. त्यांनाही तेच आठवत असणार.

उस्तादांनी खाकरून घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, की एकशे अठरा, धडा नऊ, शंभरापैकी नव्वद मार्क. दहा कापलेत. एवढी पक्की शंका होती, तर बाणाच्या बाजूला पाना लावलाच कशाला?

इंजिनाच्या आवाजातून पोराचं उत्तर आलं.

"तुमचं उत्तर आलं नव्हतं, उस्ताद. ओव्हर."

त्यात तक्रार नव्हती. तिथे थंडी आहे किंवा इंजिन चालू आहे हे सांगावं तसं त्याने ते सांगितलं. म्हणूनच उस्तादांना ते इतकं लागलं. त्यांनी माइकचं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "तुला शंभर. ते दहा माझे कापले."

कचेरीत परत येऊन त्यांनी खिशातली सात पानं काढली आणि टेबलाच्या खालच्या खणात टाकली. मुख्यालयाच्या कागदावर अर्ध्या पानाच्या जागेत चारच ओळी लिहिल्या. टपालाने शिकवणं चालू ठेवावं. दरवर्षी प्रत्येक जवानाला पंधरा दिवस खाली बोलावून हातात पाना द्यावा. धडे लिहिणाऱ्याने आणि त्यांवर सही करणाऱ्याने ते काम आधी एकमेकांकडून करवून घ्यावं. आणि जवानाने विचारलेल्या शंकेचं उत्तर आठ दिवसांत गेलंच पाहिजे, न गेल्यास शिक्षकाला जबाबदार धरावं. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

मग उस्तादांनी एकशे अठराची उत्तरपत्रिका घेतली आणि चौथ्या प्रश्नाखाली तांबड्या पेन्सिलीने लिहिलं: 'तुझी शंका बरोबर आहे. चित्र चुकले आहे. नट उजवीकडेच सुटतो.' कागद पाकिटात घालून त्यांनी भाऊसाहेबांपुढे ठेवला. भाऊसाहेब म्हणाले की खिंड वसंतात उघडणार, तोवर हे इथेच पडून राहणार, शिवाय आता त्याला ठाऊकच आहे, मग आज एवढी घाई कशाला.

आजच्याच तारखेचा शिक्का मारा, असं उस्ताद म्हणाले. शिक्का बसलेला स्वतः बघितला आणि मगच ते उरलेल्या गठ्ठ्याकडे वळले. पाना त्यांनी खिडकीत ठेवून दिला.

संध्याकाळी घरी पोचायला त्यांना उशीर झाला. डबा तसाच परत आलेला बघून बायकोने कारण विचारलं. त्यांनी तिला सगळं सांगितलं, पान्याखालच्या कागदासकट. ती भाजी चिरत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने एवढंच विचारलं, की तो स्वयंपाकी जेवला का, आणि उस्तादांना ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

जेवायला बसल्यावर पहिल्या घासालाच त्यांच्या मनात सकाळचं बोलणं आलं. मिठाचं प्रमाण नेहमीसारखंच अगदी बरोबर होतं. त्यांनी विचारलं, मग पहिल्या महिन्यानंतर खारट व्हायचं थांबलं कसं? अंदाजाने?

"अंदाजाने कशाला?" ती म्हणाली. "मी आईंना पत्र लिहून विचारलं, चवीपुरतं म्हणजे किती. त्यांना धड लिहिता येत नव्हतं, शेजारणीकडून लिहवून घेतलं त्यांनी. तीन बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं, माणशी एक चिमूट. नवव्या दिवशी उत्तर हातात होतं माझ्या."

उस्तादांनी उजव्या हाताची तीन बोटं जुळवून बघितली, मग पुढचा घास घेतला आणि पोटभर जेवले.